भाषण छान झालं, वाद झाला नाही

ताई,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी शेती. पाचवीपासून वक्तृत्व स्पर्धांत बोलते. बाई लिहून द्यायच्या, मी पाठ करायचे, नंबर यायचा. यंदा कॉलेजने वादविवाद स्पर्धेला पाठवलं. विषय होता, ‘या सभेचे असे मत आहे की, कर्जमाफी हा शेतकऱ्यांच्या प्रश्नावरील उपाय नव्हे’. मी अनुकूल बाजूला होते. माझ्या आधी बोललेला प्रतिकूल बाजूचा मुलगा म्हणाला, ‘जुनी थकबाकी मिटल्याशिवाय बँक नवं पीककर्ज देत नाही, मग पेरणी करायची कशी?’ मी उठले आणि जे पाठ होतं तेच बोलले. मध्ये एक वाक्य विसरले, तर पुढचं सगळंच गेलं. परीक्षक म्हणाले, ‘भाषण छान झालं, पण वाद कुठे झाला?’ हजरजबाबीपणा जन्मजातच असतो का? पुण्या-मुंबईला इंग्रजीत संसदीय पद्धतीच्या स्पर्धा होतात, तिकडे वळावं का? पुढची स्पर्धा महिन्यावर आली आहे. विषय आहे ‘सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर बंदी असावी’ आणि मी प्रतिकूल बाजूला आहे. आणखी एक, स्पर्धेला साडी नेसावी का? मैत्रिणी म्हणतात साडीने छाप पडते.

— एक वाचक, सोलापूर जिल्हा

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या परीक्षकांनी जे सांगितलं, ते मीही गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात बऱ्याचदा लिहिलेलं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलं की सभागृहाच्या मागच्या रांगांत एक दृश्य हमखास दिसतं. ज्यांचं बोलणं अजून व्हायचंय ती मुलं डोळे मिटून, ओठ हलवत आपापलं भाषण घोळवत असतात. व्यासपीठावर कोण काय बोलतंय याचा त्यांना पत्ता नसतो. त्या दिवशी तूही तेच करत होतीस असा माझा अंदाज आहे. तरी त्या मुलाचं वाक्य तुला जसंच्या तसं आठवतंय, म्हणजे कान उघडे होते. ऐकलेल्याचं करायचं काय, हे तुला कुणी शिकवलेलं नाही.

त्यात तुझ्या बाईंचा दोष नाही. आपल्याकडे बोलण्याची परंपरा मोठी आहे, पण ती मुख्यतः व्याख्यानाची. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. गावोगावच्या गणेशोत्सवांत नि वाचनालयांत व्याख्यानमाला असतात. व्याख्यानात एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, समोरून कुणी अडवत नाही. शाळेतली स्पर्धा हे त्याचंच छोटं रूप. एक ऑगस्ट, तीन जानेवारी, चौदा एप्रिल, शिवजयंती. ‘सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ शांतचित्ताने ऐकून घेणारा श्रोता या साच्यात गृहीतच धरलेला असतो. वादविवादात तो नसतो. तिथे समोरचा ऐकतो तो तुझं बोलणं कुठे उसवतंय हे शोधायला.

या शिक्षणाने तुला बरंच दिलंय, ते टाकून देऊ नकोस. स्पष्ट उच्चार, व्यासपीठावर उभं राहायची सवय, आवाजाचे चढउतार हे ज्यांना विशीत पहिल्यांदा शिकावं लागतं त्यांचे हाल मी पाहिले आहेत. सोडायचं आहे ते फक्त शब्दन् शब्द पाठ करणं. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला बांधलेलं असतं, म्हणून एक सुटलं की पुढचं सापडत नाही. त्याऐवजी मुद्दे पाठ कर. तीन मुद्दे, प्रत्येकाला एक कारण आणि एक दाखला, एवढंच कागदावर. मग तेच भाषण लागोपाठ तीनदा बोल, दर वेळी वेगळ्या शब्दांत. पहिल्यांदा अडखळशील, दुसऱ्यांदा लांबेल, तिसऱ्या वेळी मुद्दा तुझा झालेला असेल. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र खुशाल पाठ कर. सुरुवातीची धडधड आणि शेवटची घंटा, या दोन वेळांना पाठांतर खरंच उपयोगी पडतं.

आता त्या मुलाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तुझी सगळी अडचण त्यातच दिसते.

तो जे बोलला ते खरं होतं. थकबाकीदाराला नवं पीककर्ज मिळायची मारामार असते, हे तुझ्या गावच्या विकास सोसायटीत कुणीही सांगेल. अशा वेळी बहुतेक मुलं दोनपैकी एक काहीतरी करतात. मुद्दा ऐकलाच नाही असं दाखवून पुढे जातात, नाहीतर ‘माझे विरोधक बंधू वस्तुस्थितीपासून कोसो दूर आहेत’ असलं काहीतरी म्हणून खऱ्या गोष्टीला खोटं ठरवायला जातात. दुसरं जास्त वाईट. परीक्षकांतला एखादा तरी शेतकऱ्याच्या घरचा असतोच.

तिसरी वाट अशी की मुद्दा त्याच्याइतक्याच नेटक्या शब्दांत, किंबहुना त्याच्याहून नेटका, पुन्हा सांगायचा, मान्य करायचा, आणि मग विचारायचं की एवढं मानलं तरी तुमची बाजू सिद्ध होते का? उदाहरणार्थ, ‘माझ्या मित्रांनी सांगितलं की थकबाकी मिटल्याशिवाय पुढच्या हंगामाचं कर्ज उभं राहत नाही. बरोबर आहे. पण हे ज्याच्या नावावर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आहे त्याच्यापुरतंच बरोबर आहे. ज्याने सावकाराकडून पैसे घेतले, जो दुसऱ्याची जमीन बटाईने कसतो आणि ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही, त्याच्या पेरणीचं काय? आणि ज्याची थकबाकी मिटली, तो थकबाकीदार ज्या कारणाने झाला ते कारण कुठे मिटलं? २००८ साली केंद्राने कर्जमाफी दिली. २०१७ साली आपल्या राज्याने दीड लाखापर्यंतची दिली. २०१९च्या अखेरीस पुन्हा दोन लाखांपर्यंतची जाहीर करावी लागली. पेरणीची सोय झाली हे मी मानते. पण आजचा विषय एका पेरणीचा नाही, प्रश्नाच्या उपायाचा आहे.’

हे बोलायला मिनिटभर पुरतं. ते मिनिट वापरलं असतंस, तर ‘लहरी निसर्ग’ आणि ‘बळीराजाचे अश्रू’ असल्या पाठ केलेल्या शब्दांची गरजच पडली नसती.

आता गंमत बघ. २०१७ आणि २०१९, मध्ये दोनच वर्षं. तू म्हणशील, यावरून माफी कुचकामी ठरते. समोरचा हुशार असेल तर लगेच म्हणेल, ‘नाही, यावरून पहिली माफी अटींत अडकली, अपुरी पडली एवढंच ठरतं. औषध कमी दिलं म्हणून औषधच खोटं कसं?’ तारखा त्याच, आकडे तेच आणि निष्कर्ष उलटा. आकड्याला स्वतःची बाजू नसते. जो त्याचा अर्थ आधी आणि नीट सांगतो त्याच्या बाजूला तो जातो. म्हणून नुसते आकडे गोळा करून आणणाऱ्या मुलांच्या हाती शेवटी फारसं काही लागत नाही.

हे काम आपल्याकडे फार वरच्या दर्जाने झालेलं आहे, त्याची दोन उदाहरणं देते. दोन्ही भाषणं शोधून वाच.

पहिलं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. २६ मार्च १९०२, कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या विधिमंडळातलं अर्थसंकल्पावरचं त्यांचं पहिलं भाषण. समोर लॉर्ड कर्झन. सरकारकडे सात कोटींची शिल्लक, आणि बाकी सभासद अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करून मोकळे झालेले. गोखल्यांनी आकडा खोटा म्हटलं नाही. मी या अभिनंदनात मनापासून सामील होऊ शकत नाही, अशी सुरुवात करून त्यांनी तोच आकडा सरकारवर उलटवला. देश दुष्काळातून जात असताना तिजोरीत एवढी शिल्लक पडत असेल, तर लोकांची स्थिती आणि सरकारची तिजोरी यांचा एकमेकींशी काही संबंधच उरलेला नाही. कर गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहेत, ते कमी करा. सरकारचा सर्वांत चमकदार पुरावा त्यांनी आपल्या बाजूचा पहिला पुरावा करून टाकला. आवाज चढवल्याची खूण त्या भाषणात कुठे दिसत नाही.

दुसरं बाबासाहेब आंबेडकरांचं, ४ नोव्हेंबर १९४८चं, राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडतानाचं. घटनेवर जे आक्षेप घेतले गेले होते ते बाबासाहेब एकेक करून स्वतःच मांडतात आणि मग उत्तर देतात. त्यातला एक आक्षेप असा होता की मसुद्यात ब्रिटिशांनी केलेल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या तरतुदी भरपूर उचलल्या आहेत. दुसरा कुणी ‘भरपूर नाहीत, थोड्याच आहेत’ म्हणून सारवासारव करत बसला असता. बाबासाहेब म्हणतात, मी याबद्दल क्षमा मागणार नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मक्तेदारी नसते. पुढे आणखी एक पाऊल टाकतात. उसन्या घेतलेल्या तरतुदी बहुतेक प्रशासनाच्या तपशिलाच्या आहेत याचं मलाही वाईट वाटतं, म्हणतात. आणि मग ते तपशील घटनेत का असावे लागतात हे घटनात्मक नीतीच्या, म्हणजे घटनेची चौकट मनापासून पाळण्याच्या वृत्तीच्या, अंगाने समजावून सांगतात. लोकांत ही नीती अजून रुजलेली नाही, म्हणून प्रशासनाची घडी कायदेमंडळावर सोडून देणं धोक्याचं. म्हणजे आक्षेप स्वीकारला, त्यातला खरा भाग वेगळा काढला, आणि त्या खऱ्या भागावरच आपल्या बाजूची इमारत उभी केली. वहीत दोन रकाने आखून हे भाषण वाच. डावीकडे आक्षेप, उजवीकडे उत्तर. एका संध्याकाळचं काम आहे.

हीच दोन रकान्यांची वही घेऊन स्पर्धेला बस. समोरच्याचा प्रत्येक मुद्दा डावीकडे, पाच-सहा शब्दांत. त्याची वाक्यं उतरवू नकोस, मुद्दा उतरव. उजवीकडे सुचेल ते. सगळ्यांना उत्तर द्यायला जाऊ नकोस, वेळ पुरत नाही. आपल्या मुलांची एक खोड मला खटकते. समोरच्याचा सर्वांत फुसका मुद्दा निवडायचा, एखादी चुकलेली तारीख किंवा अडखळलेला शब्द, आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या. सभागृह हसतं, पण परीक्षक हातातलं पेन खाली ठेवतात. तू त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा निवड. तो पडला तर बाकीचे आपोआप डळमळतात. नाही पडला, तरी तू त्याला टाळलं नाहीस हे नोंदलं जातं.

हजरजबाबीपणा जन्मजात असतो का, असं विचारलंस. थोडा असेलही. पण व्यासपीठावर जो हजरजबाबीपणा दिसतो त्यातला बराचसा आधी घरी झालेला असतो. समोरून काय काय येऊ शकतं याची यादी ज्याने केली आहे, त्याला तिथे नवीन काही सुचावंच लागत नाही. यादीतलं कोणतं उत्तर काढायचं एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी तयारीचा अर्धा वेळ विरुद्ध बाजूला दे. निम्मा म्हणजे खरोखर निम्मा. त्यांचं भाषण तू स्वतः लिही, आणि मन लावून लिही. मग घरातल्या कुणापुढे आधी एक बाजू बोल, पाच मिनिटांनी दुसरी बोल, आणि विचार की मला स्वतःला यातलं कुठलं पटतं असं वाटलं. त्यांना सांगता आलं नाही, तर तयारी झाली असं समज.

तुझ्या पत्रातली ‘घरी शेती’ ही दोन शब्दांची ओळ मी पुन्हा वाचली. कर्जमाफीच्या विषयावर पुण्यातल्या मुलीकडे वर्तमानपत्राची कात्रणं असतात. तुझ्याकडे सोसायटीचे गटसचिव आहेत, वेळेवर हप्ते भरूनही ‘आम्ही भरले हीच चूक झाली का’ म्हणणारे शेजारी आहेत, आणि ज्यांचं कर्ज कुठल्याच यादीत नाही असे बटाईदारही असणार. त्यांना जाऊन विचार. भाषणात मात्र ‘माझ्या वडिलांनी’ म्हणून गळा दाटवू नकोस. एका घरची हकिकत पुरावा होत नाही. योजना गावापर्यंत पोहोचताना कुठे गळते हे तिच्यावरून दाखवता येतं, तेवढाच तिचा उपयोग कर. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या स्पर्धकांना टाळ्या मिळतात हे मलाही दिसतं. शेरावर आणि चारोळीवर भाळणारे परीक्षकही आहेत, ते तुला भेटतील आणि एखादा करंडक त्यांच्यापायी जाईलही. त्यांच्यासाठी तयारी करू नकोस.

बोलण्याच्या तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगते, कारण तुला त्यातलं बरंच येत असणार. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर पाच मिनिटांत साडेपाचशे-सहाशे शब्द होतात. त्याहून जास्त लिहिलं असेल तर तू धावणार हे नक्की. खंडनासाठी मिनिट-दीड मिनिट मोकळं ठेव, म्हणजे लिहून नेण्याचं भाषण आणखी छोटं होईल. इशाऱ्याची घंटा झाली की नवा मुद्दा काढायचा नाही. हात थरथरत असतील तर पातळ कागद धरू नकोस, तो थरथर लांबपर्यंत दाखवतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घे. माइक वीतभर लांब ठेव आणि त्याच्यात ओरडू नकोस, आवाज वाढवायचं काम तो करतो. मुद्दा संपला की एक श्वास थांब. तुला तो वेळ फार लांब वाटेल, श्रोत्यांना वाटत नाही. आणि ती ‘शांतचित्ताने ऐकून घ्यावेत’ची लांबलचक विनंती आता सोड. ‘अध्यक्ष महाराज’ एवढं पुरतं. तिच्यात वाया जाणारी वीस सेकंदं खंडनाला दे.

इंग्रजी स्पर्धांबद्दल विचारलंस. जमेल तेव्हा जरूर जा, पण मराठी सोडून नको. संसदीय पद्धतीचे दोन प्रकार इकडे जास्त दिसतात. ब्रिटिश पद्धतीत दोघादोघांचे चार संघ असतात, दोन सत्ताधारी बाजूचे, दोन विरोधी. विषय पंधरा मिनिटं आधी कळतो आणि प्रत्येकाला सात मिनिटं मिळतात. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा उभा राहून प्रश्न विचारू शकतो. तो घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचं. आशियाई पद्धतीत तिघातिघांचे दोन संघ, तयारीला साधारण अर्धा तास, आणि शेवटी प्रत्येक बाजूचं एक छोटं समारोपाचं भाषण. या स्पर्धांत पाठांतराला वावच नाही, बाजूही आयत्या वेळी मिळते. तुझ्यासाठी एवढंच एक कारण पुरेसं आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नकोस. तिथे मुद्द्याचे गुण असतात, उच्चारांच्या नखऱ्याचे नाही, निदान चांगल्या स्पर्धांत तरी. तिथे जाण्याआधी कॉलेजातल्या तिघीचौघी गोळा करा. आठवड्यातून एक दुपार, चिठ्ठीवर विषय, चिठ्ठीवरच बाजू, पंधरा मिनिटं तयारी आणि मराठीतच वाद. भाषण चालू असताना मध्ये प्रश्न विचारायची मुभा ठेवा. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट होईल, होऊ दे.

आता पुढच्या स्पर्धेचं. तू बंदीच्या विरोधात आहेस, तर पहिला आठवडा बंदीच्या बाजूने घालव. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्यांसाठी असा कायदा २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५पासून तो लागू झाला. तो नीट वाच. त्यात एक गोष्ट हमखास सुटते. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे. समोरचा चांगला असेल तर तुझं ‘मुलांना गुन्हेगार ठरवता का’ हे वाक्य तो याच तपशिलावर पाडेल. तेव्हा ते वाक्य आधीच काढून टाक. त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा बहुधा असा असेल की एकट्या पालकाने आपल्या मुलाला थांबवलं तर ते मूल मित्रांत एकटं पडतं, म्हणून थांबवायचं तर सगळ्यांना एकदमच थांबवावं लागेल. हा मुद्दा खरंच चांगला आहे, पटकन उत्तर सुचणार नाही. वय तपासायचं कसं, त्यासाठी प्रत्येकाची, अगदी मोठ्यांचीही, ओळखपत्रं किंवा चेहरे कुणाच्या हाती द्यायचे, आणि घरातला एकच मोबाइल आई, भाऊ, बहीण असा सगळ्यांत फिरतो तिथे वय कुणाचं धरायचं, इथून विचार सुरू कर. हे शेवटचं तुझ्या गावात बसून जितकं कळेल तितकं शहरात कळणार नाही. उत्तर मी देत नाही. सापडलं तर दोन रकान्यांच्या वहीतलं ते पान मला पाठव.

राहिला साडीचा प्रश्न. पाच मिनिटांत ज्याला एकदाही हात लावावा लागणार नाही असं काहीही घाल. साडीची सवय असेल तर साडी, नाहीतर पिन लावलेली ओढणी.

तुझी,
ताई